थांब्यावर ताटकळणाऱ्यांसाठी: बससेवा सुधारण्याच्या मोहिमेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बस वेळेवर येत नाही, आलीच तर खच्चून भरलेली येते आणि संध्याकाळनंतर येतच नाही. या तक्रारी घेऊन एकत्र येणाऱ्या प्रवाशांना पडणारे नेहमीचे प्रश्न इथे घेतले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण बऱ्याच मोहिमा नेमक्या तिथेच अडतात.

आम्ही पाच-सहा जणच आहोत. एवढ्यांनी काही होतं का?

होतं. सुरुवातीला सगळीकडे तेवढेच असतात. फक्त ते पाच-सहा जण एकाच वेळेची बस पकडणारे नसावेत. सकाळी कामावर जाणाऱ्यांच्या गटाला दुपारच्या बसची आठवणच होत नाही. त्या बसनं दवाखान्यात जाणाऱ्या आजी किंवा रात्रपाळी संपवून घरी परतणारी परिचारिका गटात असली की मागण्यांची यादीच बदलते. शिवाय समोरच्या अधिकाऱ्याला "हे ठरावीक लोकांचं दुखणं आहे" असं म्हणता येत नाही.

मागणी काय करायची? "बससेवा सुधारा" एवढं पुरत नाही का?

नाही. त्या मागणीला कुणीच विरोध करत नाही, हीच तिची अडचण आहे. अधिकारी मान डोलावतात, "आमचेही तेच प्रयत्न चालू आहेत" म्हणतात आणि बैठक संपते.

मागणी पुरी झाली की नाही, हे थांब्यावर उभं राहून घड्याळात पाहता आलं पाहिजे. "शेवटची गाडी साडेनऊऐवजी साडेदहाला सुटावी." "सकाळी सात ते दहा या वेळात दोन गाड्यांमध्ये १५ मिनिटांपेक्षा जास्त अंतर पडू नये." "फेरी रद्द झाली तर थांब्यावर किंवा मोबाइलवर आधी कळावं." एका वेळी एक मोठी मागणी करा, फार तर दोन. बारा मागण्यांचं निवेदन दिलं की त्यातली सर्वांत स्वस्त मागणी, बहुधा थांब्याला रंग देण्याची, ताबडतोब मान्य होते, फोटो निघतो आणि बाकीच्या अकरा फायलीत पडून राहतात.

हे मागायचं कुणाकडे?

हे न शोधताच निघालेल्या मोहिमा सहा-सहा महिने चुकीच्या दारात उभ्या असतात. प्रश्न चार आहेत आणि त्यांची उत्तरं अनेकदा चार वेगळ्या ठिकाणी सापडतात: मार्ग आणि वेळापत्रक कोण ठरवतं, पैसे कोण देतं, गाड्या आणि चालक कुणाचे आहेत, आणि रस्ता कुणाच्या ताब्यात आहे. गाड्या ठेकेदाराच्या असतील आणि त्याला किलोमीटरप्रमाणे पैसे मिळत असतील, तर फेरी रद्द झाल्यावर किती दंड बसतो हे करारात लिहिलेलं असतं. तो करार मिळवा. माहिती मागण्याचा कायदा असेल तर अर्ज करा, नसेल तर निवडून दिलेल्या प्रतिनिधीमार्फत मागवा. रद्द फेरीचा दंड फेरी चालवण्याच्या खर्चापेक्षा कमी असेल, तर गाडी का येत नाही याचं उत्तर तिथेच मिळून जातं.

गाडी चौकातल्या कोंडीत अडकत असेल तर बसच्या साहेबांना निवेदन देऊन काही होणार नाही. तिथे रस्ता आणि सिग्नल पाहणाऱ्या खात्याला धरा.

मोजणी करा असं सगळे सांगतात. नेमकी कशी करायची?

वही, पेन आणि घड्याळ एवढं पुरतं. प्रत्येक गाडीमागे एक ओळ लिहायची: मार्ग क्रमांक, गाडीचा नंबर, आल्याची वेळ, गर्दी किती, मागे किती जण राहिले. गर्दी मोजत बसू नका, तीनच खुणा ठेवा: बसायला जागा, उभं राहायला जागा, चढता आलं नाही. वहीचं पान साधारण असं दिसतं:

७:१२, उभं राहायला जागा, सगळे चढले.
७:४०, थांबली नाही, ११ जण मागे.
७:४३, त्याच क्रमांकाची दुसरी, अर्धी रिकामी.

या तीन ओळी "बस नेहमी उशिरा येते" या वाक्यापेक्षा जड आहेत, कारण त्यांच्याशी वाद घालायला समोरच्याकडे स्वतःची वही लागते.

थांबा मार्गाच्या मधला निवडा. सुटण्याच्या ठिकाणी सगळ्याच गाड्या वेळेवर सुटतात, घोळ पुढे होतो. सुट्टीचे, परीक्षांचे आणि मुसळधार पावसाचे दिवस वेगळे ठेवा, नाहीतर "तो दिवस अपवादाचा होता" हे उत्तर तयारच असतं. किमान दोन आठवडे मोजा. गाडीचा नंबर लिहायचा तो एवढ्यासाठी, की तीच गाडी परत किती वेळानं दिसली यावरून तिच्या पूर्ण फेरीला लागणारा वेळ कळतो. हा आकडा पुढे फार उपयोगी पडतो.

सरकारी आकडेवारीतली एक मेख लक्षात ठेवा. "९० टक्के फेऱ्या वेळेवर" असं सांगितलं जातं तेव्हा तो हिशोब धावलेल्या फेऱ्यांचा आहे की ठरलेल्या, हे विचारा. रद्द झालेली फेरी कधीच उशिरा पोचत नाही!

काही ठिकाणी वेळापत्रक आणि गाड्यांची ठिकाणं जीटीएफएस नावाच्या खुल्या स्वरूपात मिळतात. गूगल आणि अमेरिकेतल्या पोर्टलंड शहराची वाहतूक संस्था ट्रायमेट यांनी २००५च्या सुमारास ते सुरू केलं आणि आता ते जगभर चालतं. गटात संगणक जाणणारं कुणी असेल तर वहीचं बरंचसं काम त्यातून होतं. पण मागे किती माणसं राहिली हे त्यात दिसत नाही. त्यासाठी वहीच लागते.

अर्धा तास काहीच येत नाही आणि मग दोन गाड्या पाठोपाठ येतात. चालक मुद्दाम करतात का?

बहुतेक वेळा नाही. पहिली गाडी थोडी रखडली की पुढच्या थांब्यावर जास्त माणसं जमलेली असतात. ती चढेपर्यंत तिला आणखी उशीर होतो. मागच्या गाडीला माणसं कमी मिळतात, म्हणून ती भराभर पुढे येते. थोड्या वेळानं दोघी एकमेकींच्या मागे. हे आपोआप घडतं. ते थांबवायला मार्गावर नियंत्रण लागतं: मागच्या गाडीला मधल्या ठरावीक थांब्यावर दोन मिनिटं रोखणं, शेवटच्या थांब्यावर पुरेसा मोकळा वेळ ठेवणं, सगळ्या दारांतून चढू देणं, तिकिटाचा व्यवहार चढण्याआधी उरकणं. ब्राझीलमधल्या कुरितिबा शहरानं १९९१मध्ये नळीच्या आकाराचे थांबे उभारले ते याचसाठी. तिथे पैसे आधीच भरायचे आणि गाडीच्या उंचीच्या फलाटावरून सरळ आत शिरायचं.

आता आपल्या मागणीशी याचा संबंध. तासाला चार गाड्या आहेत असं धरा. त्या दर १५ मिनिटांनी आल्या, तर वेळापत्रक न पाहता येणारा प्रवासी सरासरी साडेसात मिनिटं थांबतो. त्याच चार गाड्या ५, २५, ५, २५ मिनिटांच्या अंतरानं आल्या, तर सरासरी थांबणं जवळजवळ ११ मिनिटांवर जातं. गाड्या तेवढ्याच, खर्च तेवढाच. प्रवासी थांब्यावर एकसारखे येत असतील, तर सहातले पाच जण २५ मिनिटांच्या खंडात सापडतात, म्हणजे बहुसंख्य लोकांच्या वाट्याला भरलेलीच गाडी येते. कागदावर मात्र भरलेली आणि रिकामी गाडी यांची सरासरी निघते आणि "गर्दी फारशी नाही" असा शेरा पडतो. प्रवासी आणि अधिकारी दोघेही आपापल्या जागी खरं बोलत असतात.

म्हणून "गाड्या वाढवा" म्हणण्याआधी "आहेत त्या गाड्या सारख्या अंतरानं सोडा" ही मागणी करता येते का, ते पाहा. ती स्वस्त आहे आणि नाकारायला अवघड आहे.

"आमच्याकडे गाड्याच नाहीत" असं उत्तर मिळालं तर?

हे उत्तर पुष्कळदा खरं असतं, त्यामुळे चिडून उपयोग नाही. हिशोब मांडा. एका मार्गावर जाऊन-येऊन, शेवटच्या थांब्यावरची विश्रांती धरून ८० मिनिटं लागतात. दर १० मिनिटांनी गाडी हवी, तर ८ गाड्या लागतील. रस्त्यावरच्या कोंडीमुळे तीच फेरी १०० मिनिटांची झाली, तर त्याच सेवेला १० गाड्या लागतात. आठच असतील, तर अंतर साडेबारा मिनिटांवर जातं. उलट, दोन चौकांत बसला आधी सिग्नल मिळाला आणि काही अंतर बससाठी राखीव झालं, फेरी ७० मिनिटांत बसली, की ७ गाड्यांत काम भागतं आणि एक गाडी मोकळी होते. एक नवी गाडी विकत न घेता. वहीतल्या गाडीच्या नंबराचा उपयोग तो हाच.

दुसरं म्हणजे, गाड्या नाहीत त्या कधी? सकाळ-संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी. दुपारी त्यातल्या कित्येक आगारात उभ्या असतात. गर्दीच्या वेळची एक जादा फेरी म्हणजे नवी गाडी आणि नवा चालक. दुपारच्या जादा फेरीला गाडी असतेच, लागतं ते इंधन आणि चालकाचे तास. म्हणून पहिली मागणी दुपारची किंवा रात्री आठनंतरची ठेवलेली बरी. रात्रीची शेवटची गाडी तासभर पुढे ढकलताना चालकाची पाळी संपते का, हे आधी विचारून घ्या. कधीकधी सगळं प्रकरण तेवढ्यावरच अडलेलं असतं.

"या मार्गावर प्रवासीच नाहीत, तोटा होतो." यावर काय बोलायचं?

तासाला एक गाडी, तीही भरवशाची नाही, अशा मार्गावर ज्याला दुसरा काही पर्याय आहे तो माणूस येणारच नाही. प्रवासी नाहीत म्हणून फेऱ्या कमी, फेऱ्या कमी म्हणून प्रवासी आणखी कमी, अशी ती घसरण असते. ब्रिटनमधल्या अभ्यासांचा एकत्र आढावा २००४मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात बससेवा १० टक्क्यांनी वाढवल्यावर प्रवासी लगेचच्या काळात साधारण ४ टक्के आणि काही वर्षांत ७ टक्क्यांच्या आसपास वाढतात, असं दिसतं. म्हणजे फेऱ्या वाढवल्या की त्या सगळ्या आपोआप भरतात, असं नाही. हे प्रामाणिकपणे मान्य करा. "फायदा होईल" असं वचन मोहिमेनं देऊच नये. रस्ते, पदपथ, दिवे यांचा तोटा कुणी मोजत नाही आणि बस ही त्याच पंक्तीतली सोय आहे, हा युक्तिवाद जास्त टिकाऊ आहे. वर प्रवासी वाढायला वेळ लागतो, हा मुद्दा या आकड्यांतूनच मिळतो: तीन महिन्यांत फेरी बंद करू नका.

नवा मार्ग मागावा की आहे त्याच मार्गावर फेऱ्या?

गटात सर्वांत जास्त भांडणं यावरून होतात. तेवढ्याच गाड्या जास्त मार्गांवर पसरल्या, तर प्रत्येकाच्या घराजवळून बस जाते, पण दिवसातून चारदा. थोड्या सरळ मार्गांवर एकवटल्या, तर काहींना दहा मिनिटं चालावं लागतं, पण बस सारखी मिळते. अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरानं १६ ऑगस्ट २०१५ रोजी एका रात्रीत जवळजवळ सगळं बसचं जाळं बदललं. दररोज, शनिवार-रविवारीसुद्धा, वारंवार धावणाऱ्या मार्गांची जाळी उभी केली आणि त्यासाठी चालवण्याचा खर्च फारसा वाढवला नाही. आठवड्याच्या शेवटी प्रवासी चांगले वाढले. पण काही वस्त्यांतली वळणावळणाची बस गेली, हेही तितकंच खरं.

माझं मत फेऱ्यांच्या बाजूनं आहे. गल्लीबोळांतून प्रत्येकाच्या दाराला वळसा घालत जाणाऱ्या बसमध्ये कुणालाच बसावंसं वाटत नाही. अपवाद आहेत: ज्यांना चालता येत नाही आणि ज्या वस्तीला दुसरं काहीच साधन नाही. त्यांच्यासाठी लहान गाडी वेगळी मागा. मुख्य मार्गाला वळसा देऊन ते काम करायला जाल तर दोन्ही बिघडतं.

आमच्या दारातला थांबा काढून पुढे नेणार आहेत. विरोध करायचा का?

आधी अंतर मोजा. थांब्यांमध्ये साधारण ३०० ते ५०० मीटर अंतर हे बऱ्याच शहरांत चालतं. दीडशे मीटरवर दोन थांबे असतील तर एक काढल्यानं सगळ्यांचा वेळ वाचतो. मात्र नव्या थांब्यापर्यंतचा रस्ता ओलांडता येतो का, पदपथ आहे का, रात्री दिवा आहे का, यावर अडून बसा.

तिकीट स्वस्त मागावं की मोफत?

दरवाढीविरुद्ध लोक चटकन एकत्र येतात. ब्राझीलच्या साओ पावलोत जून २०१३मध्ये तिकीट ३ रियालवरून ३.२० रियाल झालं. त्याविरुद्ध मोफत प्रवासाची मागणी करणाऱ्या चळवळीनं निदर्शनं सुरू केली, ती देशभर पसरली आणि १९ जूनला दरवाढ मागे घेतली गेली. मोफत सेवाही जगात आहे: एस्टोनियाची राजधानी टॅलिनमध्ये २०१३पासून शहरात नोंदणी असलेल्या रहिवाशांसाठी, फ्रान्समधल्या डंकर्कमध्ये सप्टेंबर २०१८पासून सर्वांसाठी, आणि लक्झेंबर्गमध्ये २०२०पासून देशभर.

पण आधी हे विचारा, की तिकिटाचे पैसे गेल्यावर ती भर कोण घालणार? उत्तर लेखी नसेल तर पुढच्या वर्षी फेऱ्या कापल्या जातात. वेळेवर न येणारी मोफत बस, कामावर दिवसाचा खाडा पडणाऱ्या माणसाला फार महाग पडते. पास स्वस्त करणं, दुसऱ्या बसमध्ये बदलताना नवं तिकीट न लागणं, या मागण्या त्यामानानं पदरात पडायला सोप्या आहेत.

सह्यांच्या मोहिमेचा उपयोग होतो का?

थोडाफार. ऑनलाइन सह्यांचा त्याहूनही कमी. सहीसोबत प्रत्येकाकडून एक ओळ घ्या: कुठल्या थांब्यावर, कुठली गाडी, काय बुडालं. निवेदन दिल्यावर पोच घेतल्याशिवाय दार सोडू नका. पोच नसेल तर निवेदन दिलंच नाही असं समजा.

चालक-वाहकांना सोबत घ्यायचं का?

पहिल्या दिवसापासून. कुठल्या चौकात दहा मिनिटं जातात, कुठली गाडी चढावर दम तोडते, वेळापत्रकातली कुठली वेळ गाठणं अशक्यच आहे, हे त्यांना तोंडपाठ असतं. वेळ गाठण्यासाठी शेवटच्या थांब्यावर जेवायची सुट्टी न घेता गाडी फिरवणाऱ्या चालकाला "आळशी" म्हणणाऱ्या मोहिमेला तो काहीच सांगणार नाही. संघटनेमार्फत बोला. एकेकट्या कर्मचाऱ्याचं नाव निवेदनात कधीही घालू नका.

बहिष्कार किंवा रस्ता अडवणं?

बसच्या बाबतीत बहिष्काराचं सर्वांत मोठं उदाहरण अमेरिकेतल्या मॉन्टगोमेरी शहराचं. बसमध्ये गोऱ्या प्रवाशासाठी जागा सोडायला नकार देणाऱ्या कृष्णवर्णीय रोझा पार्क्स यांना १ डिसेंबर १९५५ रोजी अटक झाली, ५ डिसेंबरला बहिष्कार सुरू झाला आणि ३८१ दिवस चालला. त्याची तयारी मात्र आधीची होती. जो अ‍ॅन रॉबिन्सन यांनी महिलांच्या संघटनेच्या वतीनं मे १९५४मध्येच महापौरांना पत्र लिहून मागण्या मांडल्या होत्या आणि बहिष्काराची चर्चा चालू असल्याचं कळवलं होतं. वर्णभेदी बसवणुकीबरोबर त्यात एक साधी मागणीही होती: गोऱ्यांच्या वस्तीत गाडी प्रत्येक कोपऱ्यावर थांबते, तशी आमच्याही वस्तीत थांबावी. त्यात थोडी सुधारणा झाल्याची नोंद त्याच पत्रात आहे. बसवणुकीचा प्रश्न तसाच राहिला.

तिथे बसचे बहुसंख्य प्रवासी बहिष्कार घालणारेच होते, म्हणून उत्पन्नाला धक्का बसला. लोकांना कामावर पोचवायला सुमारे ३०० खाजगी मोटारींची व्यवस्था उभी केली होती. आणि शेवट न्यायालयाच्या निकालानं झाला. तुमच्याकडे पर्यायी व्यवस्था नसेल, तर बहिष्काराचा फटका प्रवाशांनाच बसतो, आणि मार्ग बंद करायला आयतं कारण मिळतं. रस्ता अडवला तर आपलीच बस अडकते. त्यापेक्षा मोजणीचे आकडे घेऊन पन्नास जणांनी सभेत शांतपणे बसणं परवडतं.

कोर्टात जावं का?

पैसा, वेळ आणि चिवट वकील असेल तर. लॉस एंजेलिसमध्ये १९९४मध्ये बसभाडं वाढवून मासिक पास रद्द करायचं ठरलं, तेव्हा बस प्रवाशांच्या संघटनेनं दावा लावला. रेल्वेवर खर्च होतो आणि गरीब, बिगरगोऱ्या बस प्रवाशांना डावललं जातं, असं त्यांचं म्हणणं होतं. १९९६मध्ये दहा वर्षांसाठी न्यायालयीन तडजोड झाली: पास टिकला, आणि गर्दी टप्प्याटप्प्यानं कमी करणं वाहतूक संस्थेवर बंधनकारक झालं. पुढची बरीच वर्षं ती अट पाळली जाते का, यावरच वाद चालला.

सगळी पद्धतच बदलायला किती काळ लागतो?

पुष्कळ. इंग्लंडमध्ये लंडन वगळता १९८६पासून खाजगी कंपन्याच मार्ग, वेळा आणि भाडं ठरवत होत्या. २०१७च्या कायद्यानं ते अधिकार परत घेण्याची वाट काही महापौरांसाठी मोकळी झाली. ग्रेटर मँचेस्टरमध्ये प्रवाशांनी त्यासाठी मोहीम चालवली. महापौर अँडी बर्नहॅम यांनी मार्च २०२१मध्ये निर्णय घेतला, कंपन्या न्यायालयात गेल्या आणि २०२२मध्ये हरल्या. पहिला टप्पा सप्टेंबर २०२३मध्ये आणि शेवटचा जानेवारी २०२५मध्ये पुरा झाला. कायदा होऊनही सात वर्षं गेली. म्हणून मोठी मागणी सोडू नका, पण तिच्या जोडीला या वर्षी मिळेल अशी एखादी लहान मागणी चालू ठेवा. लोक टिकतात ते तिच्यामुळे.

पक्षांपासून लांब राहायचं का?

सगळ्यांना भेटा, कुणाचा झेंडा घेऊ नका. निवडणुकीआधी सर्व उमेदवारांना तोच एक प्रश्न लेखी विचारा आणि मिळालेली उत्तरं शब्दशः थांब्यावर लावा. उत्तर न देणाऱ्याच्या नावापुढे जागा कोरी सोडा.

मागणी मान्य झाली. आता गट बंद करायचा?

आत्ता कुठे खरं काम सुरू झालं. आदेशाची प्रत आणि सुरू होण्याची तारीख मागून घ्या. "प्रायोगिक तत्त्वावर" असं लिहिलं असेल, तर प्रयोग किती महिन्यांचा आणि किती प्रवासी आले तर तो यशस्वी, हे आधीच लेखी घ्या. नवी फेरी सुरू झाल्याचं लोकांना कळवण्याचं काम बससंस्था करेल या भ्रमात राहू नका. दवाखान्याच्या, शाळेच्या, बाजाराच्या फलकावर वेळा तुम्हीच लावा, कारण पहिल्या महिन्यात गाडी रिकामी धावली की ती बंद करण्याची टिपणी तयार व्हायला लागते. आणि त्याच थांब्यावर, त्याच वेळी, त्याच वहीत पुन्हा दोन आठवडे मोजणी करा. वेळापत्रकात वाढलेल्या सगळ्या फेऱ्या रस्त्यावर दिसतातच असं नाही.